समाजकार्याचा फोटो

"बाई, ती पिशवी परत द्या बरं हिच्याकडे," दिवेकर सर म्हणाले. "फ्लॅश उडाला नाही."

म्हातारीला काही कळेना. मिळालेले तांदूळ परत मागताहेत म्हटल्यावर तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. शेवटी पिशव्या वाटणाऱ्या नलूनंच ती हळूच सोडवून घेतली, पुन्हा म्हातारीच्या हातात ठेवली आणि वर्गातल्या हरेश्वरच्या कॅमेऱ्याकडे बघून हसली. हसायचं असं सरांनी बजावलंच होतं.

परळच्या एका शाळेच्या पटांगणात गिरणी कामगारांच्या बायका रांग लावून उभ्या होत्या. संपाला वर्ष होत आलं होतं. समोर टेबल, टेबलावर तांदळाच्या पिशव्या आणि मागच्या भिंतीवर, कहर म्हणजे, एक ग्लायडर टांगलेला. हातभर लांबीचा हा ग्लायडर कॉलेजच्या एरोनॉटिक्स विभागानं बनवला होता आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिला आणला होता. त्याचे पंख नलूनं आखले होते. आता विभागप्रमुख दिवेकरांना उत्कृष्ट विभागाची ढाल हवी होती आणि तिच्यासाठी अहवालात समाजकार्य दाखवावं लागे. सरांनी एका फोटोत दोन्ही कामं उरकायचं ठरवलं. वर ग्लायडर, खाली गरीब. मुलीच्या हातून दिलं की फोटो खुलतो, म्हणून विभागातली एकुलती एक मुलगी मधोमध उभी केली होती.

तांदूळ वसतिगृहाच्या मेसमधले होते. किडे निघाले म्हणून मुलांनी ताटं ढकलून दिली होती, ते हे तांदूळ. पिशव्या भरताना नलूच्या मनगटावर एक किडा चढला होता. तो तिनं झटकला, पण कातडीवर अजून काहीतरी वळवळतंय असं तिला वाटत होतं.

"नलिनी, तू गिरगावातली. या भागात कधी आली नसशील," सर म्हणाले. "बघून घे. शिक्षणच आहे हे."

"हो सर," नलू म्हणाली.

गिरगावात ती मामाकडे राहायची, अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून. घर लालबागला, चाळीत. वडील, राजाराम, गिरणीत साचेवाले, मागावर कापड विणणारे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं, वडील गावी असतात, शेती बघतात. तेव्हा ते धडधडीत खोटं होतं. पुढे संप लांबला, राजाराम खरंच गावी निघून गेला आणि खोटं आपोआप खरं झालं. मग ते दुरुस्त करायची गरजही उरली नाही.

म्हातारी बाजूला झाली. पुढची बाई टेबलाशी आली, ती नलूची आई होती.

मंजुळानं लेकीकडे पाहिलं. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या वर्गातल्या मुलांकडे, मग सरांच्या कडक सफारीकडे. नलूचे ओठ हलले. "ही माझी आई," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते आणि तिनं ते गिळले.

"द्या, ताई," मंजुळा म्हणाली.

रांगेत तिच्यामागे चाळीतली शेजारीण होती, पुतळाबाई. ती टाचा उंचावून बघत होती.

"अगो, ही आपली..."

"गप ऱ्हव गो," मंजुळानं मागे न बघता तिला दटावलं. "लायनीत उभी ऱ्हव."

नलूनं पिशवी पुढे केली. फ्लॅश उडाला.

"लई उपकार झाले तुमचे, ताई," मंजुळा म्हणाली.

"वा!" दिवेकर सर खूश झाले. "हेच हवं होतं. बाई, परत एकदा. पिशवी काखेत धरा आणि हात जोडून म्हणा."

आईनं पिशवी काखेत धरली आणि पोटच्या पोरीपुढे हात जोडले. फ्लॅश उडाला. सरांना नलूचा चेहरा पसंत पडला नाही. "अगं, कसलं तोंड करतेस? दान देताना माणूस प्रसन्न हवा." तिसऱ्या फोटोसाठी पिशवी पुन्हा इकडून तिकडे गेली. या खेपेस दोघी हसल्या. नलूला सरांची किळस आली, त्या हसऱ्या फ्लॅशची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

परतीच्या मेटाडोरमध्ये मुलं रंगात आली होती.

"ती एक बाई काय पोझ देत होती यार!" हरेश्वर म्हणाला. "फुकटचं घ्यायची प्रॅक्टिस झालीय यांना. नाही का गं?"

"हो ना," नलू म्हणाली.

चर्नी रोडला सगळ्यांना टाटा करून ती मामाकडे गेलीच नाही. मेटाडोर वळेपर्यंत थांबली आणि लालबागची बस धरली.

मंजुळा दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. लेकीला पाहून ती नुसती सरकली.

"आज कशी आलीस? परीक्षा नाय जवळ?"

"आई, तू मला तिथेच दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्यास."

"तुझ्या मास्तरांसमोर?" मंजुळानं सूप पाखडलं. "उगाच कायतरी."

"तू हात जोडलेस माझ्यापुढे."

"ते म्हणाले जोड, मी जोडले. माझा काय झिजला?"

"तांदळात किडे आहेत. मला माहीत होतं, तरी दिले मी तुला."

"ऊन दाखवला की जातत."

नलू उंबऱ्यावर बसली. "गाडीत ती पोरं तुझी टिंगल करत होती," ती म्हणाली. "आणि मी हो ला हो केलं. शी! मला माझीच शिसारी येतेय."

मंजुळानं सुपात बोटं फिरवली. एक किडा तिनं अंगठ्याखाली चिरडला आणि बोट पदराला पुसलं.

"त्या पोरानं फोटो काढले ना, ते कधी मिळतत?" तिनं विचारलं.

"तुला कशाला हवेत ते घाणेरडे फोटो?"

"एक आण मागून. तुझा नि माझा एकत्र असा फोटोच नाय आपल्याकडे, एक पण नाय." तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "तिसरा आण. आधीच्या दोन्हीत माझा पदर नीट नव्हता."