आठ दिवसांचं शिळं पाणी

वक्तृत्व स्पर्धेत 'पर्यावरण' या विषयावर वैदेहीला दुसरा नंबर मिळाला, तेव्हापासून पुंडलिकनगरात तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. स्पर्धेत तिघंच होते आणि त्यातल्या एकाला ऐनवेळी उलटी झाली, हे मात्र ती सांगत नसे.

ती राहायची त्या काकूच्या घराचा वरचा मजला भाडेकरूविना वर्षभर रिकामा होता. बघायला येणारा प्रत्येक जण नळ सोडायचा आणि मुकाट जिना उतरायचा. आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात जर्मनीहून हेलगा नावाच्या इंजिनिअर बाई येणार होत्या. इथली हवा, पाणी, कचरा कसा, ते मजला बघण्याआधी लिहून कळवा, असा त्यांचा निरोप होता. ही बाई गेली तर मजल्याला कुलूपच, असं म्हणून उमाकाकूनं सगळी भिस्त पुतणीवर टाकली. मोठ्या माणसानं वैदेहीवर टाकलेली ही पहिलीच भिस्त.

तिनं इंग्रजीत चार पानं खरडली. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं, नळ आठ दिवसांनी यायचा आणि गल्लीत तर दर महिन्याला नवी इमारत उभी राहायची. पण 'आम्ही थेंबन् थेंब जपतो' हे वाक्य तिनं तीनदा घातलं. दोनदा अधोरेखित करून.

बाई येणार तो नेमका पाण्याचा दिवस. घरोघरची रीत अशी, की ताजं येणार म्हटलं की आधीचं शिळं. ते ओतायचं, ड्रम घासायचे, मग नवं भरायचं. पाहुणी येणार म्हणून वैदेहीला जरा जास्तच हुरूप. तिनं टाकी, दोन्ही ड्रम, सगळे हंडे रिकामे केले; अंगण, जिना, काकाची स्कूटर आणि विजेच्या खांबापर्यंतचा रस्ताही धुतला. मग नळ सोडला. नळानं फुस्स केलं.

पाच मिनिटांत मोबाइलवर निरोप आला. मुख्य पाइपलाइन फुटली होती. पाणी आता परवा.

हेलगाबाई दहाला ओल्या रस्त्यावरून आल्या. वरचा कोरडा नळ त्यांनी सोडला, बंद केला, आणि बाहेर बोट दाखवून हे पाणी कुठलं, असं विचारलं. पावसाचं, असं वैदेही बोलून गेली. एप्रिल महिना. बाईंनी निळ्याभोर आभाळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आम्हीच ओतलं," ती शेवटी इंग्रजीत म्हणाली. "शिळं झालं होतं."

"किती शिळं?"

"आठ दिवसांचं."

"आणि धरणातलं किती दिवसांचं असतं?"

पैठणच्या सहलीत वैदेहीनं धरणासमोर अकरा फोटो काढले होते. हा प्रश्न तेव्हा तिच्या डोक्यात काही आला नव्हता.

पाहुणीला हात धुवायला तरी पाणी हवं, म्हणून ती तांब्या घेऊन समोरच्या खोलीत राहणाऱ्या पारूबाईंकडं गेली. पारूबाई कन्नड तालुक्यातल्या, चार घरी स्वयंपाक करायच्या. त्यांच्या दारात चार ड्रम होते, तोंडाला जुन्या लुगड्याची फडकी बांधलेली, अंगावर खडूनं पाणी भरल्याच्या तारखा.

"आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "सकाळी तर गल्लीत गंगा सोडली व्हतीस."

आणि त्यांनी तांब्या बाजूला ठेवून बादलीच भरली. तोवर हेलगाबाई आणि काकू मागोमाग आल्या होत्या. तारखा बघून बाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आठ दिवस पाणी पुरतं कसं, भांड्यांचं पाणी जातं कुठं, एक ना दोन. तासभर वैदेही भाषांतर करत होती. पारूबाईंचं एक वाक्य इंग्रजीत जाऊन चार व्हायचं आणि चौथ्यात 'शाश्वत विकास' हमखास यायचा. पुढं पुढं हेलगाबाई तिच्याकडं बघेनाशाच झाल्या.

शेवटी त्या उठल्या आणि काकूकडं वळून दोन-तीन वाक्यं बोलल्या.

"काय म्हणतात गं?" काकूनं विचारलं.

काकूला आणि पारूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मराठीत काहीही करून सांगता आलं असतं.

"मजला घेते म्हणतात. पण वरचं पाणी पारूबाईंनी बघायचं, पगारावर. मी नाही."

काकूला 'मजला घेते' एवढंच ऐकू आलं. पारूबाईंनी मात्र शेवटचे दोन शब्द नीट ऐकले.

"व्हय म्हणून सांग तिला," त्या म्हणाल्या. "आन तू परवा पाचला ये. ड्रम धरायला."