सोमवारची दाढी

"ब्लेड काढ अगोदर. मंग सांग काय ते," दत्तात्रेय म्हणाला.

मी खुर्चीत बसल्या बसल्याच वस्तरा उघडला, खाचेतलं अर्धं ब्लेड सरकवून बाहेर काढलं आणि त्याच्या पत्र्याच्या डब्याच्या फटीतून आत टाकलं. वापरलेलं ब्लेड आम्ही दोघेही केरात टाकत नाही. केर उचलणाऱ्या बाईच्या हातांनी आमचं काय घोडं मारलंय? डबा भरला की चिकटपट्टीने गच्च बंद करायचा, वर 'ब्लेड आहेत' असं लिहायचं आणि मगच द्यायचा.

"बिघडलाय," मी वस्तरा त्याच्या हातात देत म्हणालो. "दोन महिने झाले. ओढतो, टोचतो. चार गिऱ्हाइकांना लागलं."

"वस्तरा बिघडला?"

"मंग काय मी बिघडलो?"

दत्ता हसला नाही. एरवी एवढ्यावर त्याने मला पाच मिनिटं छळलं असतं.

जगाच्या दाढ्या करणाऱ्याची दाढी कोण करतं, असं लोक आम्हा न्हाव्यांना चेष्टेने विचारतात. आमच्यापुरतं उत्तर तीस वर्षांपासून ठरलेलं आहे. सोमवारी आमची दुकानं बंद. एका सोमवारी मी पेणहून दिवा-रोहा गाडी पकडून रोह्याला यायचं, पुढच्या सोमवारी दत्ताने पेणला. लग्नाआधी मी चार वर्षं रोह्यात याच्या वडिलांच्या दुकानात काम केलं, तेव्हापासूनची ही दोस्ती. नियम एकच: ज्याची दाढी त्याचाच वस्तरा, हात मात्र दुसऱ्याचा. कारण गिऱ्हाईक तोंडावर कधी सांगत नाही की बाबा, तुझा वस्तरा ओढतोय. ते 'बरं झालं' म्हणतं, पैसे देतं आणि पुढच्या वेळी समोरच्या दुकानात जाऊन बसतं. स्वतःची दाढी स्वतः करूनही काही कळत नाही, कारण माणूस स्वतःला सांभाळून घेतो. आपला वस्तरा दुसऱ्याच्या हाताने आपल्या गालावर फिरला, की मग आपण लोकांना काय देतोय ते समजतं.

यंदा मात्र गणपतीपासून दिवाळीपर्यंत आम्हाला सोमवार मिळालाच नाही. पेणला गणपतीच्या आधी महिनाभर मूर्तींच्या कारखान्यांतली माणसं रात्रंदिवस रंगात बुडालेली असतात आणि सगळ्यांना दाढी-कटिंग एकदमच आठवते. मग नवरात्र, मग दिवाळी. दुकान बंद ठेवायची सोय नव्हती. तिकडे दत्ताचंही तेच. आज तीन महिन्यांनी मी त्याच्या खुर्चीत बसलो होतो.

त्याने कोमट पाण्यात साबण कालवला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि माझा वस्तरा घासायला बसला. खाच आतून, बाहेरून. मूठ जोडणाऱ्या रिव्हेटच्या दोन्ही बाजू. मग जंतुनाशकाच्या पाण्यातून काढून फडक्याने पुसला आणि अर्ध्या उघड्या शटरमधून येणाऱ्या उजेडात एक डोळा मिटून बघत राहिला.

"केस नाय, साबणाचा थर नाय, गंज नाय," तो म्हणाला. "खाच पण सरळ हाय. लय निगा राखलीस."

"रोज दोनदा धुतोय. मिटून ठेवतच नाय वाळल्याबिगर."

ते खरंच होतं. पेणला धरमतरच्या खाडीकडून खारी हवा येते. ओला वस्तरा एक रात्र मिटून ठेवला की सकाळी रिव्हेटपाशी तांबूस डाग दिसतोच. म्हणून मी तो उघडा वाळवतो आणि मग शिलाईच्या मशीनचं तेल, एकच थेंब, तोही फक्त रिव्हेटवर. खाचेत तेल गेलं की ब्लेड जागचं हलतं. या दोन महिन्यांत मी त्या वस्तऱ्याची जेवढी सेवा केली तेवढी घरच्या देवाची केली नसेल.

"दुसरा पण आणला पनवेलवरनं, नवा कोरा," मी म्हणालो. "तो पण तसलाच निघाला."

"दोनी बिघडले?"

"नशीब माझं."

दत्ताने नवं ब्लेड घेतलं, कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं खाचेत बसवलं आणि माझ्या गालावर ब्रशने फेस चढवायला लागला.

चार गिऱ्हाइकांतला पहिला हरेश. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर, वीस वर्षं दर शनिवारी माझ्याकडे यायचा. विसर्जनानंतरच्या शनिवारी त्याला हनुवटीखाली लागलं. "चालायचंच रे," असं म्हणाला आणि गेला. पुढच्या शनिवारी आलाच नाही. रस्त्यात भेटला तर दाढी वाढलेली. म्हणाला, नवस बोललोय. आठच दिवसांनी एसटी स्टँडजवळच्या त्या थंडगार सलूनमधून गुळगुळीत गालांनी बाहेर पडताना दिसला. नवस फिटला असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि दुकानात येऊन वस्तरा पुन्हा घासायला घेतला.

दत्ताचा हात चालू लागला. कानाजवळून खाली, मग जबड्याच्या कडेने. मी डोळे मिटून टोचण्याची वाट बघत होतो. टोचलं नाही. ओढलंही नाही. वस्तरा असा चालला होता की मला झोप यावी. पण झोप कसली येते. हाच वस्तरा. काल संध्याकाळी यानेच एका म्हाताऱ्याच्या गालातून रक्त काढलं होतं.

"कसा वाटला?" टॉवेलने माझं तोंड पुसत दत्ताने विचारलं.

"बरा हाय."

"बरा?"

"चांगला हाय," मी म्हणालो.

"ऊठ मंग. आता माझी कर. ह्याच वस्तऱ्यानं."

"ह्याच? तुझ्या दाढीला तुझा वस्तरा, नियम हाय आपला."

"नियम आपणच केलाय, कोर्टानं नाय." तो खुर्चीत बसला आणि मान टेकवली.

मी वस्तरा धुतला, पुसला, नवं ब्लेड मोडलं. ते खाचेत बसवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. तिन्ही वेळा दत्ता आरशात माझ्या हाताकडे बघत होता. मी सांगितलं, तुझ्या दुकानात उजेड कमी आहे. तो हो म्हणाला. शटरमधून ऊन थेट आरशावर पडलं होतं.

डावा गाल निभावला. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं होतं. ही युक्ती मला दोन महिन्यांपूर्वी सुचली होती, आणि ती युक्ती आहे हेसुद्धा मी स्वतःला कबूल केलं नव्हतं. उजव्या गालाला वळलो तेव्हा कातडी ताणायला डावा हात लागला आणि मनगट सुटलं. कानाच्या पाळीखाली वस्तरा थरथरला. पांढऱ्या फेसातून लाल रेघ उतरली.

दत्ता हलला नाही. डोळ्याची पापणीही नाही.

"वस्तरा चांगला हाय, नाथा," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी शाळेत असताना फळ्यावर लिहिली होती. साठीला आल्यावर ती माझ्यासाठी होती असं कळलं. मी वस्तरा फळीवर ठेवला आणि तुरटीचा खडा ओला करून त्याच्या जखमेवर दाबला. खडाही थरथरत होता.

"कधीपासनं?" त्याने विचारलं.

"गणपतीच्या आधीपासनं असंल. दमल्यामुळं वाटलं."

"वहिनींना ठाव हाय?"

मी उत्तर देणार होतो, नाही म्हणून. मग मला आठवलं, चंद्रावती हल्ली चहा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणते, दूध कमी पडलं. दोन महिने आमच्या घरात रोज दूध कमी पडत होतं.

"तिला ठाव हाय," मी म्हणालो. "हरेशला पण ठाव हाय. सगळ्यांना ठाव हाय. मलाच कोणी बोललं नाय रे."

"त्यांच्या जिवावर आलं असंल."

"आणि तुला नाय आलं?"

"आलं ना. ब्लेड बसवताना बघितलं तेव्हाच आलं." त्याने गालावरचा खडा माझ्या हातासकट धरला. "पण उद्या कोणाच्या गळ्याला लागलं तर काय करशील? एवढ्या वर्षांचं नाव एका दुपारात जाईल. मंग केस कापायला पण कोणी बसायचा नाय. तू केस काप. मशीन चालव, मशीनला पुढं टोपण असतं, ते लागत नाय. डाक्टरला दाखव, काय गोळीबिळी असंल. पण वस्तरा आता नको."

खरं तर मला राग यायला हवा होता. चौतीस वर्षांचं काम एका वाक्यात काढून घेतलं त्याने. पण माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, या माणसाने पाहिलं होतं. ब्लेड बसवताना माझा हात थरथरतोय हे त्याला दिसलं होतं, आणि तरी तो खुर्चीत मान टेकवून बसून राहिला, फेस लावून घेतला आणि गाल पुढे केला. तोंडाने सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, पुढच्या गाडीने परत गेलो असतो आणि तिसरा वस्तरा आणला असता. मला पटावं म्हणून त्याने स्वतःची कातडी दिली. असा माणूस मला मिळाला, याबद्दल मी देवाचे आणि त्याचे, दोघांचे पाय धरायला तयार होतो. तसं बोललो असतो तर त्याने शिवी घातली असती, म्हणून बोललो नाही. डोळे मात्र भरून आले आणि ते आरशात दिसलेच.

मी ब्लेड काढायला वस्तऱ्याकडे हात नेला.

"काढतोस काय?" दत्ता म्हणाला. "अर्धी दाढी घेऊन रोह्यात फिरू काय मी?"

"उरलेली तू कर."

"मला नाय जमत स्वतःची. तूच लाडावून ठेवलंयस."

"दत्ता, गळा राहिलाय."

"म्हायती हाय गळा राहिलाय." त्याने मान आणखी मागे टाकली, डोळे मिटले. "सावकाश कर. सोमवार हाय, मला घाई नाय."

मी नवा फेस केला. नव्या अर्ध्या ब्लेडने सुरुवात केली, ते त्यानेच बसवून दिलं. करंगळी त्याच्या जबड्यावर टेकवली, कोपर खुर्चीच्या पाठीवर. श्वास पूर्ण सोडायचा, मग वस्तरा गव्हाच्या दाण्याएवढाच सरकवायचा. थांबायचं. पुन्हा श्वास. एरवी ज्या गळ्याची दाढी मी एका दमात केली असती त्याला पंचवीस मिनिटं लागली. कातडीखाली त्याची शीर उडत होती, ती मला कधी नव्हे इतकी स्पष्ट दिसत होती. दत्ताने एकदाही डोळे उघडले नाहीत. मध्येच मला वाटलं की हा झोपला, इतका तो सैल होता. शेवटचा हात हनुवटीच्या टोकाला फिरवला आणि मी मागे सरलो. दुसरी जखम झाली नव्हती. माझ्या हातून होणारी ती शेवटची दाढी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याने गळ्यावरून तळहात फिरवला, उलटा आणि सुलटा.

"एक केस नाय," तो म्हणाला.

मग वस्तरा त्याने माझ्याकडून घेतला. ब्लेड काढून डब्यात टाकलं. साबणाचं पाणी, ब्रश, जंतुनाशक, फडकं, सगळं पहिल्यापासून केलं. थोडा वेळ उघडा ठेवून वाळवला, रिव्हेटवर तेलाचा थेंब सोडला आणि दोन-तीनदा उघडमीट करून तो आत जिरवला. दरवेळी यानंतर तो कोरं ब्लेड बसवून वस्तरा परत द्यायचा, म्हणजे मंगळवारी सकाळी मी थेट कामाला लागायचो. आज त्याने ब्लेडच्या पाकिटाला हात लावला नाही. वस्तरा रिकामाच मिटला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

"पुढच्या सोमवारी मी येतो पेणला," तो म्हणाला. "तुझी दाढी करायला."

"आणि तुझी?"

"माझी वाढू दे. नवस बोलतो एखादा."

तेव्हा मात्र आम्ही दोघेही हसलो. हरेशची गोष्ट मी त्याला माझ्या गालावर फेस चढत असतानाच सांगितली होती.

तो मला स्टेशनपर्यंत सोडायला निघाला. गालावरच्या जखमेवर कापूस लाव म्हटलं तर नको म्हणाला. बाजारातून जाताना मी उजवा हात पँटच्या खिशात घालून ठेवला होता. त्याला रोह्यात सगळं गाव ओळखतं, आणि न्हाव्याच्याच गालावर कापल्याची खूण म्हणजे बाजाराला फुकटची करमणूक. मेथी घेऊन बसलेल्या धोंडुबाईने लांबूनच पाहिलं.

"अरे दत्तादादा, गालाला काय झाला? वस्तरा लागला का काय?"

"व्हय," दत्ता तिच्यासमोर थांबला. "ह्या नाथानं दाढी केली. पेणला दुकान हाय ह्याचा."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"तीस वर्षं हाच करतोय माझी दाढी," दत्ता पुढे म्हणाला. "आज पयल्यांदा लागलं."

धोंडुबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीस वर्सांत एकदा? मंग हात लय चांगला हाय म्हनायचा."

"हाय तर," दत्ता म्हणाला. "दोन जुड्या दे त्याला. वहिनींना आवडते मेथी."

तिने जुड्या उचलून माझ्यापुढे धरल्या. मी खिशातून उजवा हात काढला आणि त्या घेतल्या. मेथीची पानं थरथरायला लागली. धोंडुबाईने पाहिलं, दत्ताने पाहिलं, मीही पाहिलं. स्टेशनपर्यंत मी त्या जुड्या त्याच हातात धरून नेल्या.