रिकाम्या झोळीचे दोनशे ग्रॅम

मित्रांनो, माझ्या तबकडीला पोचे पडलेत आणि सहा-सातचे आकडे पुसट झालेत. तान्ह्या बाळांना झोळीत घालून ज्याला टांगतात, तो जुना वजनकाटा मी.

मी आणि माझा जुळा भाऊ एकाच दिवशी घडलो, एकाच खोक्यातून विद्यापीठात आलो. तिथल्या प्राध्यापकबाईंना तपासायचं होतं, की पौष्टिक खाऊ वाटला तर बाळं खरंच बाळसं धरतात का? म्हणून भावाच्या वस्तीत वर्षभर खाऊ आणि वजन, माझ्या वस्तीत नुसतंच वजन. दोन्हींत फरक दिसला, तर पुढच्या वर्षी खाऊ माझ्याही वस्तीत येणार होता.

माझा नुसता जळफळाट व्हायचा! भावाकडे काटा सरकला की टाळ्या. वजनं लिहिणाऱ्या ताई त्याचे फोटो फोनवर दाखवायच्या. माझ्या वाट्याला सुस्कारे. आमच्या भोपळ्याचंच घ्या. एका किडकिडीत बाळाचं हे लाडाचं नाव. त्याला झोळीत घातलं की शेजारीण हमखास म्हणायची, "नाव भोपळा, वजन दोडक्याचं!" त्याची आई हसायची, पण तिची नजर काट्यावरून हलायची नाही.

वापरून वापरून माझी स्प्रिंग सैल झाली. झोळी रिकामी असली तरी काटा शून्याच्या पुढेच उभा राहायचा. रोज सकाळी स्क्रू पिळून तो शून्यावर आणायचा, असा नियम. घाईत ताई विसरू लागल्या. मी कुरकुरून त्यांना सावध करू शकलो असतो. नाही केलं. सगळीच बाळं जड भरू लागली. "अरे वा, खाऊशिवायही!" ताई म्हणाल्या. माझं पहिलंवहिलं कौतुक! भावाची जिरली म्हणून मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

शेवटच्या वजनाच्या दिवशी ताई म्हणाल्या, "दोन्ही वस्त्या सारख्याच निघाल्या. खाऊ बंदच होणार बहुतेक."

भोपळ्याच्या आईने त्याला झोळीतून उचललं, त्याचे दंड चाचपले. "एवढं वाढलाय म्हणता, मग सहा महिन्यांपूर्वीचं झबलं अजून ढगळ कसं होतं?" मग तिने वर माझ्या काट्याकडे पाहिलं. "ताई, बाळ तर माझ्या कडेवर आहे. हे दोनशे ग्रॅम कुणाचे?"

माझ्या मत्सराचे होते ते.

ताईंचा चेहरा उतरला. मला काढून माझ्या जागी भावाला टांगलं आणि सगळी बाळं पुन्हा मोजली. फरक स्पष्ट दिसला. खाऊ आमच्या वस्तीत आला.

आता मला नवी स्प्रिंग बसवली आहे. कपाटात शेजारी भाऊ चकचकत असतो, आणि खरं सांगू, अजून थोडं जळतंच. म्हणून मित्रांनो, मोजणाऱ्यांची निगा राखा, आणि आमच्यावर विसंबण्याआधी रिकामी झोळी एकदा निरखा. भोपळ्याची आई अजून निरखते. कडेवरचा भोपळा आता तिला पेलवत नाही, तरी आधी काटा बघते, मगच म्हणते, "शून्य आहे. घाला आता."