कुलूपबंद कान

मी एक जुनी कानाची मशीन आहे. काड्यापेटीहून थोडी मोठी पेटी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसणारं बोंड, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू सहसा गोड बोलतात. झालं गेलं विसरून सगळ्यांना आशीर्वाद देतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी काही विसरलेले नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासणाऱ्या बाईने मला कानाला लावलं, समोर टिचकी वाजवली, खूश होऊन मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यातली ही माझी पहिली शाबासकी. पुढे बराच काळ दुसरी मिळायची नव्हती, हे तेव्हा ठाऊक असतं तर मी तिथेच रुसून बसले असते.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवानवाच झाला होता. हिंगोलीत कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी शिबिर भरलं, तेव्हा गोरेगावजवळच्या एका तांड्यावरून निर्मलाबाई आपल्या लेकीला घेऊन गेल्या. लेकीचं नाव शिवकन्या. पहिलीत बसलेली, डोळ्यांत हुशारी, पण मागून हाक मारली तर वळायची नाही. तिच्या कानात मऊ लगदा भरून माप घेतलं, तेव्हा गुदगुल्या होऊन ती खिदळली म्हणे. त्या मापावरून तिच्या एकटीच्या कानासाठी साचा बनला आणि तो माझ्या बोंडाला जोडला गेला. मशीन शाळेत येईल, असं निर्मलाबाईंना सांगण्यात आलं.

अशा मुलांना शाळाशाळांतून फिरून शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे फिरत्या बाई म्हणत. त्यांनी शिवकन्येजवळ दोन दुपारी बसून तिचा एक आराखडा तयार केला. प्रत्येक मुलाची अडचण वेगळी, म्हणून प्रत्येकाचा आराखडाही वेगळा. शिवकन्येच्या आराखड्यात होतं : सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत मशीन कानात असावी. तिला फळ्याजवळ बसवावं. गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून न बोलता तिच्याकडे बघून बोलावं. घरी आईने तवा, पाणी, शेळी, दिसेल ती वस्तू दाखवत तिचं नाव घ्यावं. निर्मलाबाईंनी अंगठा उठवला, मोठ्या गुरुजींनी झोकात सही केली. मित्रांनो, त्या आराखड्यात माझं नाव सगळ्यात वर होतं. मी नसेन तर खालचं एकही काम व्हायचं नव्हतं.

फिरत्या बाईंची बदली झाली आणि त्यांची जागा रिकामी राहिली. त्यानंतर मी शाळेत पोचले.

मोठे गुरुजी म्हणजे अमृतराव. माणूस मारकुटा नव्हता, आळशीही नव्हता. त्यांना फक्त वस्तू जपायची हौस होती, आणि ही हौस मारकुटेपणाहून वाईट असते हे मी अनुभवाने सांगते. खोकं उघडून त्यांनी मला उलटसुलट पाहिलं.

"नाजूक चीज हाय," ते शिपायाला म्हणाले. "पोरगी तांड्यावर नेईल, शेळ्यांमागं पळताना पाडील. उद्या साहेबांनी विचारलं तर मी काय दाखवू?"

आणि त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आत माझ्यासारखेच बरेच जण होते. उंदरांनी भाता कुरतडलेली बाजाची पेटी होती. विज्ञानाच्या काचनळ्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न निघालेला पृथ्वीचा गोल होता. सगळे साहेबांची वाट बघत होते. पोरांची वाट बघायची सवय त्यांची केव्हाच मोडली होती.

माझी मोडली नव्हती. कारण कपाटाच्या मागच्या भिंतीला लागूनच खिचडीची चूल होती, आणि खिचडी शिजवायला निर्मलाबाईच यायच्या. त्या गुरुजींना विचारायच्या, "गुरुजी, लेकराची मशीन आली का?"

"येऊन राहिली, बाई. सरकारी काम हाय. जरा दम धरा."

मी एका भिंतीच्या अंतरावर होते. माझ्या जन्माचं कामच आवाज पोचवणं, आणि मला स्वतःचा आवाज नव्हता. त्या दिवशी मी डूख धरला.

शिवकन्या मागच्या भिंतीला टेकून बसायची. दुसऱ्यांची पाटी बघून लिहायची. गुरुजी फळ्याशी बोलायचे, पोरं गुरुजींच्या पाठीला उत्तर द्यायची आणि ही सगळ्यांच्या तोंडाकडे बघून उशिरा हसायची. कान ऐकेनात तर जीभही वळत नाही, मित्रांनो. बोलणं शिकायचं एक वय असतं आणि ते कपाटात ठेवता येत नाही. तिचं ते वय रोज थोडं थोडं सरत होतं.

वर्षातून एकदा मात्र माझा मोठा थाट व्हायचा. खंडेनवमीला शेतकरी विळे-कोयते पुजतात, तशी गुरुजी शाळेतली सगळी यंत्रं पुजायचे. मला पाटावर मांडायचे. ओली हळद, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल. आमच्या भागात हळदीला काय तोटा! बोट भरभरून लावायचे. आवाज आत घेण्याच्या माझ्या बारीक जाळीत ती हळद जाऊन सुकायची. मग नमस्कार, आणि पुन्हा कुलूप. असे दोन दसरे गेले. माझी आरती झाली, आणि शिवकन्या तशीच मुकी राहिली.

तिसऱ्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावर, सेनगावहून साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. सगळी धावपळ झाली. पृथ्वीची पिशवी फाडली. मला नवा सेल घातला. खिचडीच्या चुलीवर निर्मलाबाई गुंतलेल्या आहेत अशी खात्री करून गुरुजींनी शिवकन्येला पुढे बसवलं, मला तिच्या फ्रॉकला अडकवलं आणि बोंड तिच्या कानात कोंबलं. साहेबांची जीप दारात आली तशी त्यांनी माझी आवाजाची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवली.

पण गुरुजी एक विसरले. त्यांनी मला जपलं होतं, लेकराच्या कानाला कुणी कुलूप लावलं नव्हतं. तो दोन वर्षांत वाढला होता. साचा त्यात सैल झाला, फटीतून आवाज बाहेर आला, फिरून माझ्यात शिरला, आणि मी किंचाळले. अशी किंचाळले की छपरावरची कबुतरं उडाली. गुरुजी बोंड दाबायचे, मी गप्प व्हायचे. त्यांनी हात काढला की पुन्हा सुरू. दोन वर्षांचं सगळं साचलेलं मी त्या वर्गात ओतलं. शिवकन्या घाबरून रडायला लागली.

तो आवाज ऐकून निर्मलाबाई हातातल्या पळीसकट धावत आल्या. लेकीच्या छातीवर मी लटकत होते.

"हे काय हाय? ही मशीन कवा आली, गुरुजी?"

"कालच आली," अमृतराव म्हणाले. "तुमाला सांगणारच होतो."

निर्मलाबाईंनी मला उचलून जवळून बघितलं. माझ्या तोंडावर थरावर थर चढले होते. त्यांनी नखाने एक खपली काढली आणि साहेबांपुढे धरली.

"कालच आली म्हन्ता, मंग हिला दसऱ्याचं हळदकुंकू काहून लागलं? संक्रांत गेली की आता! आन् साहेब, हे बघा, खालचा थर काळा पडला. ह्यो तर ह्या दसऱ्याचा न्हाई, मागल्या सालचा हाय. हिची पूजा करून राहिले हे, आन् माह्या लेकराला 'येऊन राहिली, येऊन राहिली'!"

गुरुजींचा चेहरा उतरला. तरी चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसे ते म्हणाले, "साहेब, मशीनच खराब हाय. म्हणून ठेवली होती. बघा, मी दाखवतो."

आणि त्यांनी मला काढून बोंड स्वतःच्या कानात घातलं, अंगठ्याने गच्च दाबून धरलं. पेटी हातात, समोर. चकती शेवटच्याच आकड्यावर. मित्रांनो, दाबल्यावर फट बुजते, आणि फट बुजली की मी शिट्टी मारत नाही. मग मी फक्त ऐकवते.

निर्मलाबाई त्या पेटीसमोर तोंड नेऊन ओरडल्या, "माह्या लेकराची दोन वर्षं द्या, गुरुजी!"

मी त्यातलं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही. सगळं वाक्य शंभरपट मोठं करून सरळ त्यांच्या डोक्यात घातलं. अमृतराव ओरडून मागे कोलमडले आणि पृथ्वीच्या गोलावर बसले. पोरं हसली. साहेबांनाही हसू आवरेना. सांगायला लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

साहेबांनी मायलेकींना त्याच जीपमध्ये हिंगोलीला नेलं. नवा साचा झाला. जाळीतली हळद सुईने काढली. त्यानंतर मी शिवकन्येच्या छातीवर राहिले, उठल्यापासून निजेपर्यंत. शेळ्यांमागे पळताना दोनदा पडलेसुद्धा, आणि मोडले नाही. निर्मलाबाई तवा दाखवून तवा म्हणायच्या. शिवकन्या बोलायला शिकली. आईला बंजारा बोलीत याडी म्हणू लागली. पण तिचे निम्मे शब्द अजूनही ओठांवर घसरतात. परकं माणूस तिला पुन्हा पुन्हा विचारतं, "काय म्हणालीस?" हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आली असती तर फरक पडला असता. सूड घेतल्याने ती वर्षं परत आली नाहीत, हे मलाही कबूल आहे.

अमृतरावांना नुसती तंबी मिळाली. ते मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार, शाल, नारळ, सगळं झालं. शिवकन्या तेव्हा सातवीत होती. भाषणात गुरुजींनी तिला पुढे बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्या मुक्या लेकराला आमच्या शाळेनं वाचा दिली. बेटा, माझ्याबद्दल दोन शब्द बोल."

शिवकन्येने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग हात छातीशी नेला आणि माझं बटण बंद केलं. गुरुजींचे ओठ हलत राहिले आणि ती सावकाश चालत आपल्या जागेवर येऊन बसली. एवढा मोठा आवाज मला जन्मात काढता आला नसता.

आता तिला कानामागची छोटी मशीन मिळाली आहे, आणि मी तांड्यावरच्या घरात फळीवर पडून असते. माझी तक्रार नाही. वापरून झिजले, हाच माझा मान. मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी उशिरा हसत असेल, कुणी भिंतीला टेकून दुसऱ्याची पाटी बघत असेल, तर त्याच्यासाठी काय आलं आहे आणि ते कुठे ठेवलं आहे, ते विचारा. कपाटाची किल्ली मागा. आम्हाला पाडा, खरचटवा, झिजवा, पण जपून ठेवू नका. आणि किल्ली मागूनही कुणी दिली नाही, तर त्या माणसाचं नाव नीट लक्षात ठेवा.