मुकुंदरावांवर बसलेला क्षार

साखरपुड्याला दोन दिवस उरले असताना मुकुंदराव बाथरूममध्ये उभ्याउभ्याच क्षाराचे झाले. शैलजाबाईंनी दार ढकललं, तर नवरा शॉवरखाली हात जोडून उभा, पांढराफटक आणि हाताला खरखरीत.

"आत्ताच व्हायचं होतं," बाई म्हणाल्या आणि घासणी शोधायला गेल्या.

जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीला बोअरचं पाणी. नळाच्या तोंडावर, बादलीच्या काठावर, आरशावर क्षार बसायचाच. मुकुंदरावांवर बसला याचं इमारतीत कुणाला नवल वाटलं नाही. वर्षभर त्यांनी अंगाला पंचा लावला नव्हता. लेकीचं, केतकीचं लग्न जमेपर्यंत अंग पुसायचं नाही, पाणी अंगावरच वाळू द्यायचं आणि तसंच पूजेला बसायचं, असा नवस होता. तो बोलल्या होत्या शैलजाबाई. देवीसमोर तोंड त्यांचं होतं, अंग मात्र नवऱ्याचं.

लग्न जमूनही महिना झाला होता. तुळजापूर तासाभरावर, जाऊन नवस फेडला असता तर पंचा हातात घेता आला असता. मुकुंदरावांनी दोनदा विचारलंही होतं. "साखरपुडा होऊ दे, मग जाऊ," असं म्हणून बाई साड्यांना फॉल लावायला बसल्या होत्या. घासणी शोधताना ते त्यांना आठवलं.

शेजारच्या सबनीसकाकू येऊन बघून गेल्या.

"आमच्या ह्यांना गुडघ्यापर्यंतच धरलं होतं," त्या म्हणाल्या. "कोमट पाण्यात लिंबूसत्व कालवा, फडकं भिजवून गुंडाळा, अर्ध्या तासानं घासा. ॲसिड तेवढं लावू नका. नळाचं पॉलिश जातं तसं माणसाचंही जातं बघा."

बाईंनी तसंच केलं. फडक्याखाली बारीक फेस आला आणि खांद्यावरचा पहिला पापुद्रा सुटला. त्याच्याखाली क्षारच होता.

"थोडं राहिलंय," आतून मुकुंदराव म्हणाले.

आवाज ऐकून बाईंना रडू फुटलं. पदर खोचून त्या जोमानं घासायला लागल्या. खांदे गेले, कोपर गेले, जोडलेले हात एकाच खपलीत निघून आले. शनिवारी दुपारी मुकुंदराव बादलीएवढे झाले होते. बाथरूम मात्र नवं दिसत होतं. उडालेल्या पाण्यानं नळसुद्धा इतका लखलखीत झाला होता की त्यात बाईंना स्वतःचं तोंड दिसायचं. त्या तिकडे बघेनाशा झाल्या.

"अहो, दुखतंय का?"

"नाही. थोडंच राहिलंय."

"माझं चुकलं. आधी तुळजापूरला जायला हवं होतं."

बाईंनी घासणी खाली ठेवली. थांबावं तर नवरा आत अडकलेला, घासावं तर नवरा कमी होतोय. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्यांनी लिंबूसत्वाची दुसरी पुडी फोडली.

रविवारी दहाला पाहुणे आले. केतकीनं बाथरूमचं दार वाजवलं.

"आई, बाबा तयार झाले का? गुरुजी खोळंबलेत."

"होतायत."

बाई बाहेर आल्या त्या मूठ मिटूनच. पाटावर बसल्या. शेजारचा पाट रिकामा होता.

"यजमान कुठायत?" गुरुजींनी विचारलं.

बाईंनी मूठ उघडली. तळहातावर सुपारीएवढं काहीतरी पांढरं, गोल होतं. गुरुजींनी ते चिमटीत उचललं, रिकाम्या पाटावर तांदळाची मूठभर रास घातली आणि तिच्यावर ठेवलं.

"चालतं," ते म्हणाले. "माणूस नसलं की सुपारी मांडतात."

"सुपारी नाहीये ती. आमचे हे आहेत."

"थोडं राहिलंय," पाटावरून आवाज आला. केतकीनं ऐकलं आणि बाबा येतच आहेत असं समजून ती दारातल्या चपला बाजूला सरकवायला लागली.

गुरुजी मंत्र म्हणू लागले होते. त्यांनी तांब्यातून पळीभर पाणी घेतलं.

"गुरुजी, पाणी कुठलं?"

"तुमच्याच नळाचं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पळी मुकुंदरावांवर रिकामी केली.

बाईंनी घाईघाईनं पदराचं टोक पुढे केलं. गुरुजींनी त्यांचा हात मनगटाशी धरला.

"पुसू नका बाई," ते म्हणाले. "वाळू द्या आपोआप."