दुपारची गोळी

साळूबाईच्या काळजाची झडप लहानपणच्या तापानं खराब झालीय, हे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. तोवर दम लागला की बिचारी स्वतःलाच आळशी म्हणत आली होती. डॉक्टरांनी बारकीशी पांढरी गोळी दिली. दिवसाला एक. "चुकवली तर धाप लागेल, आणि दोन झाल्या तर विष होईल," असं बजावलं. नर्सबाईंनी तिचं मनगट धरून नाडी कुठं लागते तेही दाखवलं. "गोळीआधी मोजायची. मिनिटाला साठाच्या खाली गेली तर गोळी घ्यायची नाही, तडक इकडं यायचं."

पण चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रात साळूबाईनं घोळ घातला. नऊ दिवस कडक उपास, आणि उपासाला गोळी चालत नाही हे तिचं तिनंच ठरवलं. दसऱ्याला लोक सोनं वाटत होते आणि हिला टांग्यात घालून सांगलीला न्यावं लागलं, ओठ निळे पडलेले. त्या दिवसापासून नवऱ्यानं, जोतीरामनं, बाटली ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. माधवनगरच्या सूतगिरणीत तो पहिल्या पाळीला होता. सकाळचा भोंगा झाला की गोळी तिच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं, तोंड उघडून दाखवायला लावायचं आणि मगच सायकलवर टांग मारायची. नाडी मोजायचं मात्र दोघंही विसरून गेली.

साळूबाई रोज सकाळी आ करत गेली. एकदा स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं करायला निघालेल्या बाईनं बोलायचं तरी कुठल्या तोंडानं?

पुढच्या उन्हाळ्यात जोतीरामला रातपाळी लागली आणि त्याचा दिवस उलटापालटा झाला. सकाळी पेंगत घरी यायचा, बायकोला गोळी द्यायचा नि आडवा व्हायचा. दुपारी साडेतीनचा भोंगा झाला की उठायचा, राखुंडीनं दात घासायचा, चहा घ्यायचा आणि परत ट्रंक उघडायचा. पहिल्याच दुपारी साळूबाई चाचरत म्हणाली, "आवं, सकाळी दिली न्हवं?"

"ती कालची. म्या निजून उठलो, नवा दिस सुरू झाला. गप आ कर."

चौथी शिकलेला माणूस. त्याला वार कळत नाही आणि आपल्याला कळतो, असं कसं होईल? तिनं आ केला.

सहाव्या दिवशी तिची अन्नावरची वासना उडाली. भाकरीच्या वासानंही मळमळायचं. नवव्या दिवशी दुपारी चुना दिलेली भिंत तिला हळद फासल्यासारखी पिवळी दिसली. साळूबाई घाबरली. नर्सबाईंनी दाखवलेली जागा तिनं मनगटावर चाचपली. एक ठोका लागला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा.

तेवढ्यात साडेतीनचा भोंगा झाला.

जोतीराम उठला, चहा प्याला आणि गोळी घेऊन पुढं आला. "आ कर."

साळूबाईनं ओठ घट्ट मिटले.

"साळू, डोकं फिरवू नगंस."

"न्हाई घेत. सकाळी घेतलीया."

जोतीराम पांढराफटक पडला. त्यानं तिची हनुवटी धरली. "तवाबी असंच म्हणाली हुतीस! उपासाला गोळी न्हाई घेत म्हणून! पुन्ना टांग्यात घालून न्हिऊ काय तुला?"

हे खोटं नव्हतं. आज आपणच चुकत असलो तर? आपल्या हट्टानं मेलो तर लोक म्हणतील, केलं तसं भरलं. गोळी तिच्या ओठाला लागली. ती गिळून टाकली असती तर निदान त्याचा राग तरी गेला असता. पण साळूबाईनं त्याचा हात बाजूला सारला आणि आपलं मनगट पुढं केलं.

"माझ्यावर इस्वास ठिवू नगा. ह्या नाडीवर ठिवा. मोजा."

जोतीरामनं घड्याळ समोर धरलं. तुटलेला धागा न बघता हुडकणारी त्याची बोटं तिच्या मनगटावर ठोका शोधू लागली. साळूबाई त्याच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिली. काटा फिरून वर आला तेव्हा ओठ थांबले.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. "माझंच चुकलं आसंल."

पुन्हा मोजली. त्रेचाळीस.

तो ट्रंकेवर मटकन बसला. मुठीतली गोळी घामानं विरघळायला लागली होती. "म्हंजी म्या तुला रोज दोन..."

साळूबाईला त्याचा भयंकर राग आला, आणि दयाही आली. पण बोलली एवढंच, "टांगा आणा."

सांगलीला चार दिवस ठेवून घेतलं. गोळी बंद केली, आणि नाडी ताळ्यावर आल्यावर रोज सकाळी एक, असं सांगून घरी सोडलं. उंबऱ्यातच जोतीरामनं किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली.

"आन म्या चुकली तर?"

"माझ्यावाणी न्हाई चुकायचीस."

दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा होऊन तास झाला होता. जोतीराम पाळीवरून येऊन तोंडावर चादर घेऊन पडला होता, पण घोरत नव्हता. साळूबाईनं त्याचं घड्याळ पुढ्यात ठेवलं. आकडे तिला कळत नव्हते, पण बारीक काट्याचा एक फेरा कळत होता. विसाविसानं मोजत ती शेवटाला आली.

"तीन इसा आन सहा," ती मोठ्यानं म्हणाली. मग बाटली उघडून गोळी जिभेवर ठेवली आणि वर पाणी प्याली.

"घेतलीस?" चादरीतून आवाज आला.

"घेतली."

तोंड उघडून दाखव, असं जोतीराम म्हणाला नाही. कूस बदलली आणि थोड्याच वेळात घोरायला लागला.