कायम आहे

सदऱ्याचं वरचं बटण लावता लावता तिने पुन्हा विचारलं, "पप्पा, काका आले की विचारतील, तुमचा विश्वास कायम आहे का? मग तुम्ही काय म्हणायचं?"

वडिलांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "चहा झाला का?"

"चहा झाला. काय म्हणायचं?"

"कायम आहे."

"शाब्बास."

आठवडाभर हीच शिकवणी चालली होती. औषधांच्या दुकानातली नोकरी सांभाळून, घरी आल्यावर स्वयंपाक, त्यांची आंघोळ, त्यांच्या गोळ्या, आणि वर हे दोन शब्द. सोमवारी ते नुसतेच हसले. बुधवारी त्यांना ते जमलं. गुरुवारपासून ते काहीही विचारलं की तेच सांगू लागले. शेजारीण खोकल्याची चौकशी करायला आली, तेव्हा ते म्हणाले, "कायम आहे." न्हाव्याने मिशी ठेवू का म्हणून विचारलं, त्यालाही तेच. न्हाव्याने ठेवली. आज ती मिशी तिने स्वतः कातरून सारखी केली होती.

अडतीस वर्षं जो माणूस या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता, त्याला विश्वासाची दोन अक्षरं पाठ करून घ्यायची वेळ आपल्यावर यावी, याचं तिला सुरुवातीला रडू आलं होतं. आता रडूही येत नव्हतं. ती नुसती थकली होती.

हा प्रश्न मुळात वडिलांनीच ठरवलेला होता. जे आजारपणामुळे उपासनेला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी महिन्यातून एकदा मंडळीचा एक पंच प्रभुभोजनाची पेटी घेऊन जातो. पेटीत स्वच्छ फडक्यात छोटीशी भाकर, द्राक्षरसाची बाटली, चार इवलेसे पेले. देण्याआधी विचारायचं, तुमचा विश्वास कायम आहे का? आजारी माणसाने म्हणायचं, कायम आहे. मगच भाकर. उत्तर नसेल तर पेटी बंद. हा नियम वडिलांनी घालून दिला होता आणि भेटीच्या वहीतले रकानेही त्यांनीच पट्टी धरून आखले होते.

कारण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. तारण, म्हणजे देवाने दिलेली मुक्ती, गमावता येतं. ते मिळालं म्हणून माणसाने पाय पसरून झोपायचं नाही, ते रोज जपावं लागतं. हात सैल सोडला की गेलं. याच्या उलट शिकवणारा तो खोटा शिक्षक. अशा खोट्या शिक्षकांची एक यादी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत काचेच्या चौकटीत अजूनही टांगलेली आहे. वर लिहिलंय, "यांची शिकवण ऐकू नये." खाली वडिलांच्या वळणदार अक्षरात सात नावं. सातवं नाव त्यांच्या स्वतःच्या मुलाचं आहे.

दादाचं हे सगळं एका दुपारी सुरू झालं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची, दादा चौदाचा. पेटी धरायला दोघं वडिलांबरोबर गेले होते. घर एका कपडे शिवणाऱ्या बाईचं होतं. ती तीन महिने अंथरुणाला खिळलेली, आवाज पार खोल गेलेला. वडिलांनी प्रश्न विचारला. ती बाई बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माहीत नाही, पाळकसाहेब. दुखण्यापुढे काही सुचतच नाही." वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि पेटीचं झाकण लावलं. कडीचा टक असा आवाज झाला. पुढच्या मंगळवारी ती बाई गेली. वडील वाईट नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण झाकण त्यांनी लावलं होतं, आणि ते दोन मुलांनी पाहिलं होतं.

दादा पुढे स्वतः उपदेशक झाला आणि एका रविवारी याच मंडळीपुढे उभा राहून म्हणाला, "आपला हात सुटतो. त्याचा सुटत नाही. दिलेलं तारण तो परत मागून घेत नाही." महिनाभर वाद झाला. वडील एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, दोघांच्याही हातात तोच ग्रंथ, आणि जेवणाच्या टेबलाशी आई मधोमध. महिनाअखेर यादीत सातवं नाव लागलं. याला आता बावीस वर्षं झाली. आई गेली. दादा दूरच्या एका शहरात गणित शिकवतो आणि दर शनिवारी संध्याकाळी तिला फोन करतो. वडील फोनवर कधी आले नाहीत. आता आले असते, पण कोणाशी बोलतोय ते त्यांना कळलं नसतं.

गेले तीन महिने पेटी घरी येऊन तशीच परत जात होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "कोणाचा?" दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा झोपले होते. मग पंचांची बैठक झाली. दोघं म्हणाले, वाईट वाटतं, पण ज्याला प्रभूचं नाव आठवत नाही त्याचं तारण, त्याच्याच शिकवणीप्रमाणे, गेलं. दुसरे दोघं म्हणाले, आजार म्हणजे काही नाकारणं नव्हे. त्यावर पहिल्यांनी विचारलं, "मग ते जातच नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" तेव्हा दुसरे गप्प बसले, कारण ते सातव्या नावाचं म्हणणं होतं. शेवटी ठरलं की आणखी एकदा विचारायचं. उत्तर आलं नाही तर नाव सभासदांतून काढायचं. आणि मंडळीच्या कबरस्तानात जागा फक्त सभासदांना. आईच्या शेजारची जागा पंधरा वर्षं वडिलांसाठी राखून ठेवलेली होती.

म्हणून ही शिकवणी.

तीन वाजता चष्मेवाले काका आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि पंचांमध्ये ते सगळ्यात जुने. बैठकीत ते गप्प बसणाऱ्यांपैकी होते. पेटी टेबलावर ठेवून ते खुर्चीत टेकले आणि चष्मा काढून पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"पोरी, मला हे काम नको होतं," ते म्हणाले. "पण दुसरं कोणी आलं असतं तर..."

"तुम्ही आलात तेच बरं."

"बोलतात का काही?"

"बोलतील. विचारून तर बघा."

काकांनी पेटीची कडी काढली. तो आवाज झाला आणि खिडकीकडे बघत बसलेल्या वडिलांनी मान वळवली. पेटीकडे पाहून ते खुर्चीत ताठ बसले. सदऱ्याच्या बाह्या त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतल्या. काका प्रश्नासाठी घसा खाकरत होते, तेवढ्यात वडिलांनी दोन्ही हात पुढे करून पेटी आपल्याकडे ओढली, फडकं उलगडलं आणि काकांकडे बघून म्हणाले, "तब्येत कशी आहे?"

काका गांगरले. "गुडघे दुखतात."

"किती दिवस झाले?"

"झाली की दोनेक वर्षं."

वडिलांनी मान हलवली. त्यांचा हा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. चहा झाला का म्हणून दिवसातून वीस वेळा विचारणारा तो हा आवाजच नव्हे.

"तुमचा विश्वास कायम आहे का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर घोटून घेतलेल्या प्रश्नाचं हे असं होईल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. उत्तर द्यायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"कायम आहे, पाळकसाहेब."

वडिलांनी भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडून त्यांच्या तळहातावर ठेवला. ते द्यायचे तो तुकडा नेहमी तेवढाच असायचा. भाकर पुरवून पुरवून वापरायची त्यांची सवय. मग ते तिच्याकडे वळले. नजरेत ओळख नव्हती.

"बाई, तुमचा विश्वास कायम आहे का?"

त्यांनी "बाई" म्हटलं, ते तिला लागलं. दोन शब्द जिभेवर तयार होते. तिच्याइतके ते त्या आठवड्यात कोणीच उच्चारले नसतील. पण गेल्या पावणेदोन वर्षांत, त्यांचं सगळं तिच्या अंगावर पडल्यापासून, तिने एकदाही मनापासून प्रार्थना केली नव्हती. अंथरूण बदलताना नाही, ते तिला ओळखेनासे झाले त्या दिवशीही नाही. आणि समोर बसलेल्या या माणसाशी, निदान या आवाजात बोलणाऱ्या माणसाशी, तिला खोटं बोलता येईना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला आठवलं, हे आधी कोण म्हणालं होतं. वडिलांचा हात झाकणावर गेला. काका खाली बघू लागले. ती कडीच्या आवाजाची वाट पाहत उभी राहिली; लहानपणापासून तिने जणू त्याचीच वाट पाहिली होती.

वडिलांनी झाकणावरून हात काढला नाही, पण झाकण लावलंही नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. केस, डोळे, पिवळा डाग पडलेली ओढणी, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं.

"फार दमलात," ते म्हणाले.

मग त्यांनी भाकर उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली. "घ्या."

तिने घेतली. एवढा तुकडा एका घासात जाईना. ती चावत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. वडिलांनी आपल्यासाठी एक कण मोडला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी तोंडात टाकला. पाळकाला प्रश्न विचारायची रीत नाही. कोणी विचारला नाही. पेले भरताना थोडा रस सदऱ्यावर सांडला. पिऊन झाल्यावर त्यांनी फडक्याची नीट घडी घातली, झाकण लावलं आणि पेटी काकांच्या हातात दिली.

"चला, अजून पुढची घरं आहेत," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघत बसले.

काकांनी पेटी मांडीवर घेतली.

"नियम विसरले असतील," काका म्हणाले.

"हो. विसरलेच असतील."

काकांनी खिशातून भेटीची वही काढली. तारीख लिहिली, घर लिहिलं. प्रश्न विचारला का, या रकान्यात त्यांनी "हो" लिहिलं. उत्तराच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं, मग त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, "कायम आहे." भाकर घेतली का? "हो."

"काका, हे..."

"यात एक अक्षर खोटं नाही." त्यांनी वही मिटली. "विचारलं कोणी आणि उत्तर कोणाचं, असे रकाने तुझ्या वडिलांनी आखलेच नाहीत. मी आता या वयात नवे रकाने कुठे आखत बसू?"

दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. "मला वेळ लागला ना गं उत्तर द्यायला?"

"थोडा."

"हं," म्हणून ते पायऱ्या उतरू लागले, कठडा धरून, एक एक.

पाच वाजता दादाचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. पेटी, प्रश्न, आपलं उत्तर.

"माहीत नाही म्हणालीस? त्यांना? तोंडावर?"

"हो."

"आणि तरी दिली?"

"दिली. मागच्या खोलीतल्या यादीत तुझ्याखाली आता आठवं नाव त्यांचंच लिहावं लागेल."

तो हसला नाही. "समजून दिली का गं? की विसरून?"

तिने वडिलांकडे पाहिलं. रसाचा डाग सदऱ्यावर वाळला होता. तिची नजर पडताच ते म्हणाले, "चहा झाला का?"

"ते मला कुठे कळतंय, दादा," ती म्हणाली. "पण तुकडा मोठा होता."